दोन खड्ड्यांचा संडास: बांधण्यापासून सोनखत काढण्यापर्यंत, क्रमाने

अनुदानातून बांधलेल्या संडासाला दोन खड्डे असतात, हे आता गावात सगळ्यांना माहीत आहे. ते दोन का असतात, हे मात्र बांधणाऱ्या गवंड्यालाही पुष्कळदा कोणी सांगितलेलं नसतं. मग ‘दोन असले की जास्त दिवस पुरतात’ असं समजून दोन्ही एकदम चालू ठेवले जातात, नाहीतर पहिल्यातून दुसऱ्यात पाइप जोडला जातो. काही वर्षांनी दोन्ही भरतात, दोन्हींत ताजा मैला असतो आणि तो उपसायला ‘कोणाला तरी’ बोलवावं लागतं. तो कोणीतरी कुठल्या वस्तीतून येतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. दोन खड्डे नीट वापरले तर ही वेळ कधीच येत नाही. घरच्या माणसाला स्वतःच्या हाताने, किळस न वाटता खड्डा रिकामा करता येतो आणि हाताशी सोनखत, म्हणजे मैला पूर्ण कुजून झालेलं खत, येतं.

तत्त्व एवढंच आहे: एक खड्डा वापरात, दुसरा बंद. वापरातला भरला की तो बंद करायचा आणि दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यात नवीन काहीही पडता कामा नये, एक तांब्या पाणीसुद्धा नाही. पुढचे सगळे टप्पे या एका नियमासाठी आहेत.

हा लेख शोषखड्ड्यांच्या, म्हणजे ज्यांतून पाणी भोवतालच्या मातीत मुरतं अशा खड्ड्यांच्या, संडासाबद्दल आहे. गावात ज्याला ‘सेफ्टी टाकी’ म्हणतात, त्या बंद टाकीला (सेप्टिक टँकला) यातलं काहीही लागू करू नका. मैल्यावर गोबरगॅस चालवायचा असेल, तर देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी त्यासाठी आयुष्य घालवलं. त्याची बांधणी वेगळी असते, ती इथे घेतलेली नाही.

## टप्पा १: जागा, पाणी आणि माती पाहणे

खणायला सुरुवात करण्याआधी शेजारची विहीर पाहा. तीही मे महिन्यात नाही, ऑगस्ट-सप्टेंबरात, जेव्हा पाणी सगळ्यात वर असतं. खड्ड्याचा तळ त्या पाण्याच्या पातळीपासून किमान २ मीटर वर राहिला पाहिजे. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी जागा श्रावणात खालून भरते, आणि मग खड्ड्यातला मैला कुजण्याऐवजी पाण्यात तरंगत राहतो.

पिण्याच्या पाण्याची विहीर, बोअर किंवा हातपंप यांपासून खड्डा किमान १० मीटर लांब हवा. १५ मीटर ठेवता आला तर बरं. हे अंतर मातीच्या जमिनीसाठी आहे, कारण माती पाणी गाळून घेते. कातळात आणि जांभ्यात भेगा असतात. त्यांतून पाणी न गाळताच लांबवर जातं, म्हणून कोकणात मी ३० मीटरपेक्षा कमी अंतराला होकार देत नाही. शिवाय विहीर उताराच्या वरच्या अंगाला आणि खड्डा खालच्या अंगाला असावा.

दोन खड्डे एकमेकांपासून किती लांब? खड्डा जेवढा खोल, निदान तेवढे. म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास. जागा वाचवण्यासाठी दोघांच्या मध्ये एकच भिंत घातलेली मी पाहिली आहे. चालू खड्ड्याचं पाणी त्या भिंतीतून बंद खड्ड्यात झिरपत होतं आणि तीन वर्षांनी उघडला तेव्हाही तो ओलाच होता. कागदावर खड्डे दोन होते, प्रत्यक्षात एकच.

> तपासा: जागा पाणी साचण्याची, पागोळ्या पडण्याची किंवा ट्रॅक्टर-बैलगाडी जाण्याची नाही ना? खड्ड्याभोवती पाटी-फावडं घेऊन उभं राहायला जागा आहे ना? घराच्या भिंतीला चिकटून खड्डा घेतला, तर उपसताना पश्चात्ताप होतो.

## टप्पा २: आधी उंची ठरवा, मग खणा

इथे क्रम उलटा होतो आणि तो नंतर दुरुस्त करता येत नाही. बहुतेक जण आधी खड्डे खणतात, मग संडासाच्या खोलीचं जोतं घेतात आणि शेवटी पाइपला उतारच मिळत नाही.

हिशोब वरून खाली करायचा. भांडं आणि कोंबडा (भांड्याखालचा वाकडा पाइप, ज्यात पाणी साचून वास अडतो) दुकानातून आणून एकमेकांना जोडून ठेवा आणि त्यांची एकूण उंची टेपने मोजा. कोंबड्याच्या तोंडापासून खड्ड्यापर्यंत पाइपला दर मीटरला साधारण ७ सेंटिमीटर उतार हवा. खड्डा ३ मीटर अंतरावर असेल तर नुसत्या पाइपला २१ सेंटिमीटर लागतील. ही बेरीज करून जोतं किती उचलायचं ते ठरवा. पाइप खड्ड्यात शिरतो ती जागा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा फार खाली जात असेल, तर जोतं आणखी एक-दोन रद्दे (विटांचे थर) वाढवा. खड्डा मात्र खोल करू नका.

## टप्पा ३: खड्डे

पाच-सहा माणसांच्या घराला एका खड्ड्याचा आतला व्यास १ मीटर आणि खोली साधारण १.२ मीटर, म्हणजे चार फूट पुरते. विटांच्या बांधकामाची जाडी धरून खणताना व्यास चार फुटांहून थोडा जास्त घ्यावा लागतो.

‘एवढासा खड्डा? आम्ही दहा फूट घेतो, पिढ्यान्‌पिढ्या भरायला नको’ असं हमखास ऐकायला मिळतं, म्हणून आकडा मांडतो. पाणी जमिनीत मुरल्यावर एका माणसाचा वर्षाचा गाळ साधारण ४५ लिटर उरतो. पाच माणसांचा २२५ लिटर. पाइपच्या खाली खड्ड्यात वापरायला साधारण ८०० लिटर जागा मिळते. म्हणजे एक खड्डा साडेतीन वर्षांच्या आसपास चालतो. दुसराही तेवढाच. पहिला भरून बंद झाल्यावर त्याला तीन वर्षांहून जास्त विश्रांती मिळते आणि गरज त्याच्या निम्म्याचीच असते. खोल खड्ड्याने यात काहीच भर पडत नाही. उलट मैला भूजलाच्या जवळ जातो, तळाशी हवा पोहोचत नाही आणि उपसायला माणसाला आत उतरावं लागतं. चार फुटांत ते टळतं.

खड्डा गोल घ्या. चौकोनी खड्ड्याच्या भिंती मातीच्या दाबाने आत ढकलल्या जातात.

बांधकाम जाळीचं असतं. एका रद्द्यात विटा सलग, पुढच्या रद्द्यात दोन विटांमध्ये दोन इंचांची फट, असं आलटून पालटून. पाइप जिथे शिरतो त्याच्या वरचे रद्दे मात्र सलग. जांभ्याचा चिरा वापरत असाल तर उभ्या सांध्यांत माल न भरता फट सोडा. भोकांच्या सिमेंटच्या कड्या मिळत असतील तर काम एका दिवसात होतं.

काळ्या मातीत, म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या कापसाच्या रानात, एक जास्तीचं काम आहे. खड्डा सगळ्या बाजूंनी एक फूट रुंद खणा आणि बांधकाम व माती यांच्यामध्ये वाळू-खडी भरा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाणी सहज पीत नाही. ही भरणी नसेल तर बांधकामही तडकतं आणि पाणीही मुरत नाही.

> इशारा: तळाला काँक्रीट करू नका आणि आतून गिलावा करू नका. ‘पक्कं काम’ म्हणून गवंडी हे प्रेमाने करून देतो. पाणी मुरायला वाटच उरत नाही, खड्डा काही महिन्यांत भरतो आणि त्याची नकळत सेफ्टी टाकी होते.

> तपासा: खड्डा बांधून झाल्यावर संध्याकाळी त्यात पाच-सहा बादल्या पाणी ओता. सकाळपर्यंत मुरलं पाहिजे. राहिलं असेल तर झाकण घालण्याआधीच व्यास वाढवण्याचा आणि भोवती वाळूची भरणी करण्याचा विचार करा.

## टप्पा ४: भांडं, कोंबडा आणि पाइप

भांडं ग्रामीण पद्धतीचं, तीव्र उताराचं घ्या. त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा असतो. कोंबड्यात पाण्याचा अडसर २० मिलिमीटरचा. या जोडीला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. शहरी पद्धतीचं चपटं भांडं आणि खोल कोंबडा बसवला तर दर वेळी बादलीभर पाणी ओतावं लागतं. पाच माणसं दिवसातून दोन-तीनदा बादली ओतायला लागली की खड्डा पाण्यानेच भरलेला राहतो. भांड्याच्या निवडीवर खड्ड्यातलं कुजणं अवलंबून आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही.

पाइप सरळ टाका. वळण घ्यावंच लागलं तर ते फक्त चेंबरमध्ये, म्हणजे पाइपला दोन फाटे फुटतात त्या छोट्या हौदीत (टप्पा ५). पाइपचं टोक खड्ड्याच्या भिंतीच्या आत चार इंच पुढे आलेलं असावं. नाहीतर मैला भिंतीवरून ओघळतो आणि जाळीची भोकं बुजतात.

गॅस जाण्यासाठी वरती उंच पाइप लावायची पद्धत इथेही आणली जाते. तिची गरज नाही. शोषखड्ड्यात तयार होणारा वायू जाळीतून मातीत शोषला जातो. उंच पाइप लावला तर वास वर येतो आणि डासांना आत-बाहेर जायला रस्ता मिळतो.

## टप्पा ५: चेंबर

सगळ्या संडासात माझ्या मते हीच जागा सगळ्यात महत्त्वाची, आणि इथेच सगळ्यात घाईने काम उरकलं जातं.

भांड्याकडून येणारा पाइप चेंबरमध्ये येतो आणि तिथून दोन फाटे फुटतात, एक एका खड्ड्याला, दुसरा दुसऱ्याला. तळाला इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नाळ सिमेंटने गुळगुळीत घोटून घ्यायची, म्हणजे मैला कोपऱ्यात अडकत नाही. झाकण सुटं ठेवायचं. फरशी चेंबरवरून सलग टाकून दिलेली घरं मी पाहिली आहेत. तिथे खड्डा बदलायची वेळ आली तेव्हा छिन्नी-हातोडा आणावा लागला.

आता दोन फाट्यांपैकी एक बंद करा. अर्धी वीट घ्या, तिच्याभोवती ओलं गोणपाट गुंडाळा, फाट्याच्या तोंडात घट्ट बसवा आणि कडेने चिकण माती दाबून लावा. वरून सिमेंटचा अगदी पातळ हात फिरवा. हा अडसर साडेतीन वर्षं टिकला पाहिजे, पण पहारीच्या दोन ठोक्यांत निघालाही पाहिजे. पक्क्या मालाने बुजवू नका.

आमच्या स्वतःच्या घरी पहिल्या संडासाला हा अडसर घालायचाच राहिला होता. गवंडी निघून गेला, चेंबर बंद झालं आणि आम्हाला वाटलं सगळं झालं. दीड वर्षाने दोन्ही झाकणं उघडली तर दोन्ही खड्डे सारखेच भरत आलेले. तेव्हा जो खड्डा जास्त भरला होता तो बंद केला आणि तिथून दिवस मोजायला नव्याने सुरुवात केली. तुमच्याकडे असं झालं असेल तर उपाय हाच आहे: आजच एक फाटा बंद करा. आधीचे दिवस विश्रांतीत धरायचे नाहीत.

> तपासा: चेंबरचं झाकण काढून ठेवा आणि कोणाला तरी भांड्यात एक बादली पाणी ओतायला सांगा. पाणी एकाच फाट्यातून गेलं पाहिजे. दुसऱ्याकडे ओल दिसली तरी अडसर काढून पुन्हा घाला.

## टप्पा ६: झाकणं आणि पाण्याची चाचणी

खड्ड्याचं झाकण दोन अर्धगोल तुकड्यांत ओता, सळई घालून, दोन इंच जाडीचं, आणि उचलायला कड्या ठेवा. एक अख्खं झाकण दोन माणसांना सुरक्षितपणे उचलता येत नाही. ते बोटांवर पडतं किंवा खड्ड्यात. तुकड्यांमधली आणि कडेची फट सिमेंट-वाळूच्या कच्च्या मालाने बुजवा.

खड्ड्याचा काठ जमिनीपासून चार इंच तरी वर ठेवा आणि भोवती माती चोपून बाहेरच्या बाजूला उतार द्या. कोकणात, घाटमाथ्यावर आणखी उंच. जमिनीच्या पातळीत बसवलेलं झाकण म्हणजे पावसाच्या पाण्याला आमंत्रण.

वापर सुरू करण्याआधी भांड्यात भिजवलेल्या कागदाचे दोन-तीन बोळे टाकून दोन लिटर पाणी जोराने ओता. एका दमात गेले पाहिजेत. थांबले तर उतार कुठेतरी चुकला आहे, आणि तो दुरुस्त करायला आजच्याइतका सोपा दिवस पुन्हा येणार नाही.

## टप्पा ७: रोजचा वापर

खड्ड्यात जायला हवं ते एवढंच: मल, मूत्र, धुण्याचं पाणी आणि ओतायचं पाणी. न्हाणीघराचं आणि मोरीचं पाणी जोडू नका. सॅनिटरी पॅड, लहान मुलांचे डायपर, गुटख्याच्या पुड्या, ब्लेड, केस, प्लास्टिक यांतलं काही टाकू नका. खड्डा घरच्या माणसाने उपसायचा आहे. त्यात ब्लेड किंवा सुई निघाली तर ती त्याच्याच हाताला लागणार.

फिनाइल आणि ॲसिडने भांडं घासू नका. कुजवण्याचं काम जिवाणू करतात आणि फिनाइल त्यांनाच मारतं. ब्रश आणि पाणी पुरतं. फारच डाग असतील तर चिमूटभर कपड्यांची पावडर.

बाजारात खड्ड्यासाठी म्हणून कल्चरच्या पुड्या आणि बाटल्या मिळतात. गूळ, ताक, शेणकाला टाकण्याचेही सल्ले मिळतात. यांची गरज नसते. माणसाच्या मैल्यात आणि खड्ड्याभोवतीच्या मातीत लागणारे जिवाणू आधीच असतात.

## टप्पा ८: भरला कसा ओळखायचा, आणि कसा बदलायचा

भांड्यातलं पाणी हळू जायला लागलं की आधी चेंबर उघडा. चेंबरच्या नाळेत काही अडकलं असेल तर बांबूने मोकळं करा. नाळ स्वच्छ असूनही पाणी खड्ड्याच्या बाजूने मागे येत असेल, तर खड्डा भरला. पावसाळ्यात एखाद-दुसरा आठवडा असं होऊ शकतं, कारण भोवतालची मातीच पाण्याने भरलेली असते. त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये निर्णयाची घाई करू नका. पाऊस थांबल्यावर चार-सहा दिवसांत पाणी उतरलं तर खड्ड्यात अजून जागा आहे.

बदलण्याचा क्रम असा:

१. दुसऱ्या खड्ड्याचं झाकण उघडून तो रिकामा आणि कोरडा आहे याची खात्री करा.

२. चेंबरमधला जुना अडसर काढा.

३. लगेच नवा अडसर भरलेल्या खड्ड्याच्या फाट्यात बसवा. आधीसारखाच: वीट, गोणपाट, चिकण माती, वरून पातळ सिमेंट.

४. एक बादली पाणी ओतून टप्पा ५ मधली तपासणी पुन्हा करा.

५. तारीख लिहा.

पाचवं काम सगळे सोडून देतात. खडूने लिहिलेली तारीख पहिल्या पावसात जाते, आणि ‘मागच्या गणपतीच्या आसपास बंद केला होता’ असं आठवत राहतं. तो गणपती मागचा की त्याच्या मागचा, यावर घरात दोन मतं पडतात. माझ्या काकूने संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लाल ऑइलपेंटने लिहून ठेवलं होतं: ‘उजवा बंद’, त्याखाली तारीख, त्याखाली ‘उघडू नये’. दार लावलं की समोर तेच. इतका चांगला उपाय मला अजून दुसरा सापडलेला नाही.

## टप्पा ९: थांबणे

या टप्प्यात हाताने काही करायचं नसतं, आणि म्हणूनच तो बिघडतो.

शेणखताचा किंवा पालापाचोळ्याचा ढीग तापतो, हात घातला तर चटका बसतो, आणि त्या उष्णतेने रोगजंतू मरतात, हे शेतकऱ्याला माहीत आहे. म्हणून पुष्कळांना वाटतं की खड्ड्यातही तसंच होत असेल. तसं होत नाही. शोषखड्डा ओला असतो, त्यात हवा कमी असते, तो फारसा तापत नाही. इथे रोगजंतू मरतात ते काळाने: उपासमारीने, हळूहळू कोरडं पडण्याने, मातीतल्या इतर जिवांच्या स्पर्धेने. उष्णतेने दोन-चार आठवड्यांत होणारं काम इथे वर्ष-दोन वर्षं घेतं.

बहुतेक जिवाणू आणि विषाणू काही महिन्यांत संपतात. शेवटपर्यंत टिकतात ती पोटातल्या गोल जंतांची अंडी. जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते आणि त्या अंड्यांचं कवच इतकं चिवट असतं की ओल्या, थंड, सावलीच्या मातीत ती दीर्घकाळ जिवंत राहतात. आपण वाट पाहतो ती मुख्यतः या अंड्यांसाठी. दिसायला माती झाली म्हणून ती मेली असं नसतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत, तापमान २० अंशांच्या वर असेल तर नवीन काही न घालता किमान एक वर्ष साठवण आणि २० अंशांच्या खाली असेल तर दीड ते दोन वर्षं, असं धरलेलं आहे. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी एक वर्ष हे किमान झालं. मी दोन वर्षं सांगतो. आपल्या पावसाळ्यात चार महिने खड्डा ओला राहतो, आणि घाईचं कारणही नाही, कारण दुसरा खड्डा साडेतीन वर्षं चालणार आहे. बारा महिने झाले म्हणून तेराव्या महिन्यात झाकण उचलणाऱ्याला मी एकच विचारतो: पलीकडचा खड्डा अजून निम्माही भरलेला नाही, मग घाई कशाची?

> इशारा: अधेमधे ‘किती झालं बघूया’ म्हणून झाकण उघडू नका आणि पाणी, राख, चुना किंवा घरचा कचरा वरून टाकू नका. आणि पाहुणे जास्त आले म्हणून बंद खड्डा चार दिवस चालू केलात, तर मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू.

## टप्पा १०: उपसणे

महिना मार्च ते मे. कोरडं ऊन, खाली उतरलेलं पाणी, आणि पुढे पावसाळ्याआधी खत जमिनीत घालायला वेळ.

आधी हातात घ्यायच्या वस्तू: लांब दांड्याचं फावडं, घमेलं, पहार, गमबूट, रबरी हातमोजे, नाकाला रुमाल, एक ताडपत्री, साबण आणि पाणी. काम दोघांनी करायचं.

झाकणाचे दोन्ही तुकडे काढा आणि खड्डा दिवसभर उघडा ठेवा. भोवती काट्या किंवा खाट आडवी लावा, पोरंटोरं आणि वासरं जवळ येऊ नयेत म्हणून. दुसऱ्या दिवशी लांब काठी तळापर्यंत खुपसून बाहेर काढा आणि नीट पाहा. काठीला कोरडे, काळसर, भुसभुशीत कण चिकटले असतील आणि पावसाआधीच्या शेतातल्या मातीसारखा वास असेल, तर पुढे चला. काठी ओली, चिकट आली किंवा मैल्याचा वास आला, तर झाकण परत ठेवा, फट बुजवा आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहा. असं झालं तर कारणही शोधा: चेंबरमधला अडसर गळतो आहे का, झाकणातून पाऊस जातो आहे का, की दोन खड्डे फार जवळ आहेत?

चांगलं तयार झालेलं सोनखत मुठीत घेऊन दाबलं तर मोकळं होऊन गळतं, चहाच्या भुकटीसारखं. मध्ये एखादा घट्ट गोळा सापडला तर तो फोडून पाहा. आतून ओला असेल तर बाजूला काढून मातीखाली पुरून टाका.

वरचा भाग काठावर उभं राहून फावड्याने निघतो. तळाचा फूटभर उरेल तोही लांब दांड्याने ओढून काढा. डोकं आत घालून वाकू नका. शेवटचे चार बोटं राहिले तरी चालतात.

> इशारा: हे सगळं फक्त विश्रांती घेतलेल्या, कोरड्या शोषखड्ड्यासाठी आहे. सेफ्टी टाकीत, गटारात किंवा ताज्या मैल्याच्या खड्ड्यात कोणीही उतरू नये आणि कोणाला उतरवू नये. तिथला विषारी वायू श्वासभरात माणूस पाडतो आणि वाचवायला उतरलेला दुसराही जातो. न कुजलेला मैला माणसाकडून हाताने काढून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हाही आहे.

२०१७ च्या फेब्रुवारीत केंद्राच्या पेयजल व स्वच्छता खात्याचे तेव्हाचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावात अशाच एका खड्ड्यातून स्वतः सोनखत काढायला उतरले होते. गावात कोणी ‘हे काम आपलं नाही’ म्हणालं, की मी हे सांगतो.

## टप्पा ११: सोनखत वापरणे

काढलेलं खत लगेच झाडाला घालू नका. ताडपत्रीवर चार बोटांचा थर पसरून कडक उन्हात पंधरा दिवस ठेवा आणि दोन-तीनदा उलटा. ऊन आणि कोरडेपणा उरल्यासुरल्या अंड्यांनाही सोसत नाही. ज्यांना आणखी खात्री हवी त्यांनी नाडेप टाकीत (खत कुजवायच्या विटांच्या जाळीदार टाकीत) शेण आणि पालापाचोळ्याच्या थरांमध्ये हे खत घालून पुन्हा कुजू द्यावं.

कुठे घालायचं: नारळ, आंबा, चिकू, पेरू यांच्या आळ्यात, केळीच्या बुंध्याशी, फुलझाडांना, बांधावरच्या झाडांना. आळं उकरून खत पसरा आणि वरून मातीने झाका. वर उघडं ठेवू नका.

कुठे नाही: कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, कांदापात. जे जमिनीला लागून वाढतं आणि कच्चं खाल्लं जातं, ते वर्ज्य.

अपेक्षाही वाजवी ठेवा. माणसाच्या शरीरातून जाणारं नत्र बहुतांश मूत्रात असतं आणि शोषखड्ड्यात ते पाण्याबरोबर मातीत निघून जातं. त्यामुळे या खतात स्फुरद आणि सेंद्रिय भाग चांगला असतो, नत्र बेताचं. युरियाच्या जागी हे चालणार नाही, शेणखताच्या जोडीला चालेल. पाचजणांच्या घराचा एक खड्डा रिकामा केल्यावर मैल्याचं मूळ आकारमान किती आटलं हे घमेली मोजताना कळतं. दहा-बारा नारळांच्या आळ्यांत हे खत पुरवून घालावं लागतं.

काम झाल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा, गमबूट आणि फावडं धुऊन उन्हात ठेवा, ताडपत्री उन्हात उलटी टाका.

मग रिकाम्या खड्ड्याकडे परत या. जाळीची बुजलेली भोकं पहारीच्या टोकाने मोकळी करा, तळाची माती वीतभर उकरून सैल करा आणि एखादी वीट सुटली असेल तर बसवा. झाकणाचे तुकडे ठेवून फट बुजवा. हा खड्डा आता दुसरा भरेपर्यंत कोरडा राहणार आहे. दाराच्या आतल्या बाजूला जुन्या तारखेवर काट मारून खाली लिहा: ‘उजवा रिकामा, तयार’.